कलासंस्थांच्या दप्तरांचीही दखल घ्यावी

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत अमेरिकन कलेवर येणारे लेख बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या न्यूयॉर्कपासून सुरू होतात. त्याआधीचे शतक त्यात क्वचितच डोकावते. वास्तविक त्या शतकातील कलासंस्थांनी मागे ठेवलेली दप्तरे अतिशय बोलकी आहेत. न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीत जतन केलेले अमेरिकन आर्ट युनियनचे दप्तर पाहावे. वर्षाला 5 डॉलर भरणाऱ्या सभासदाला एक कोरीव मुद्राचित्र मिळे आणि वर्षअखेरीच्या सोडतीत मूळ चित्र जिंकण्याची संधीही. जॉर्ज केलेब बिंगहॅम या मिसुरीतील चित्रकाराचे नदीवरील होडीचे चित्र संस्थेने 1845 मध्ये 75 डॉलरला घेतले आणि त्याने दिलेले शीर्षक परस्पर बदलले. चित्राचा भाव कोण ठरवत होते, त्याचे नावसुद्धा कोणाच्या हाती होते, हे चित्राकडे कितीही वेळ पाहिले तरी कळत नाही. त्यासाठी कागदच चाळावे लागतात. पुढे ही सोडत बेकायदा ठरून 1852 मध्ये संस्थेचा कारभार आटोपला, पण कागद राहिले, हे मोठे भाग्यच.

1954 मध्ये डेट्रॉइटला सुरू झालेल्या आणि 1970 पासून स्मिथसोनियन या अमेरिकेतील मोठ्या संग्रहालय-संस्थेचा भाग असलेल्या ‘आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट’ने कलावंतांचे असंख्य कागद इंटरनेटवर विनामूल्य खुले केले आहेत. त्यांच्या आधारे एखादी लेखमाला आपण अवश्य द्यावी, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक, पुणे