लेकीस पत्र : बोरच्या भुकटीतला लाल थर

ता. घाटंजी, जि. यवतमाळ

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझं अर्धंच ऐकू आलं. तू रडत होतीस आणि इकडे कॉम्प्रेसर चालू होता. रात्री तुझ्या आईनं सगळं नीट सांगितलं. दोन वर्षं वावरा-वावरात फिरून तू विहिरींचे थर मोजलेस आणि आता दुसऱ्याच कुणाचा तसाच अभ्यास आधी छापून आला. त्यावर तू म्हणालीस, राहू दे ते दगडधोंडे, मी बँकेच्या परीक्षेला बसते. फोनवर मला बोलायला जमत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मागच्या दिवाळीत तू मला जेसन मॉर्गनची गोष्ट सांगितली होतीस. तुझी वही इथंच राहिली आहे. बोरच्या गाडीवर काम नसतं तेव्हा मी ती वाचतो, चारदा तरी वाचून झाली असेल. त्यातलं मला कळलं तेवढं तुलाच परत सांगतो. चुकलं तर सुधार.

हा माणूस १९३५ साली अमेरिकेतल्या सवाना गावी जन्मला. शिकला पदार्थविज्ञान. दगडाची विद्या त्यानं कॉलेजात घेतलीच नव्हती, हे मला फार भावलं. १९६४ला प्रिन्स्टन विद्यापीठाची पीएचडी झाली, तीही गुरुत्वाकर्षणावर. तिथंच पुढं नोकरी लागली आणि ऑफिसच्या खोलीत सोबत मिळाला फ्रेड व्हाइन, समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावणारा. मग पॅसिफिकच्या तळाशी हजारो किलोमीटर लांब गेलेल्या भेगांचा नकाशा मॉर्गनच्या पाहण्यात आला. इतरांना त्या नुसत्या भेगा होत्या. याला दिसलं की त्या एकाच मध्याभोवती काढलेल्या वर्तुळांसारख्या वळतात.

इथं तू आजीचं जातं पुढं ओढलं होतंस, आठवतं? वरची तळी फिरवलीस आणि म्हणालीस, बाबा, मधल्या खिळ्याजवळचा दाणा थोडाच सरकतो, काठाचा दाणा लांब पळतो, पण दोघं फिरतात त्याच खिळ्याभोवती. पृथ्वीच्या पाठीवरचा तुकडा कसाही सरकला, तरी त्याचं सरकणं असंच कुठल्यातरी खिळ्याभोवतीचं फिरणं असतं. खिळा कुठं आहे आणि तुकडा किती वेगानं फिरतो ते सापडलं की कुठल्या ठिकाणी किती वेगानं जमीन फाकेल, हे हिशेबानं काढता येतं. मॉर्गननं अटलांटिकच्या मधल्या डोंगररांगेवर ते ताडून पाहिलं आणि हिशेब जुळला. पृथ्वीचं कवच त्यानं सुमारे २० तुकड्यांत मांडलं. आधी लोक म्हणत की खंडं सरकतात. यानं ती कशी सरकतात ते भूमितीत बसवलं. तुझ्या आजीनं साठ वर्षं त्या जात्यावर दळलं. ती असती तर तिला मी हे नक्की सांगितलं असतं.

आता तुझ्या दुःखाशी जे जुळतं ते. एप्रिल १९६७ला वॉशिंग्टनला शास्त्रज्ञांच्या सभेत मॉर्गनचं भाषण होतं. जाहीर केलेला विषय समुद्रातल्या खोल चरांचा. तो उभा राहिला आणि ते बाजूला ठेवून हे तुकड्यांचं बोलला. तेव्हा त्याचं मोल फार थोड्यांच्या ध्यानात आलं. लेख छापून यायला मार्च १९६८ उजाडला. तोवर, डिसेंबर १९६७मध्ये, मॅकेन्झी आणि पार्कर या दोघांचा लेख येऊन गेला होता. त्यांनी उत्तर पॅसिफिकच्या भूकंपांवरून त्याच गोष्टीला हात घातला होता, स्वतःच्या वाटेनं. म्हणजे मॉर्गन आधी बोलला आणि मागून छापला गेला. तीन महिन्यांचा फरक! त्याच्याही पोटात कालवलं असेल, माणूसच होता. पण तो बँकेत गेला नाही, मुक्ता. तो पुढच्या कामाला लागला, आणि ते पुढचं काम आपल्या दारापर्यंत आलं. १९९०चा जपान प्राइझ हा विज्ञानाचा पुरस्कार मॉर्गन, मॅकेन्झी आणि फ्रान्सचे ल पिशाँ या तिघांना मिळून दिला गेला. कोण आधी आणि कोण नंतर, हे त्याच्या आड आलं नाही.

१९७१ला त्यानं मांडलं की पृथ्वीच्या पोटातून, फार खोलातून, तापलेल्या खडकाचे झोत वर येतात. झोत जागेवर राहतो आणि वरचा तुकडा पुढं सरकत जातो. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाची नाळ त्यानंच हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखालच्या झोताशी जोडली. म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा आपला मुलूख विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि त्या झोतावरून जाताना लाव्ह्यानं झाकला गेला. मग आपण उत्तरेला सरकलो, आणि मागं लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस अशी माळ राहिली. रियुनियनचा ज्वालामुखी अजून पेटतो. यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत असं तूच लिहिलं आहेस, ते मी विसरलो नाही. पण मॉरिशसला ऊस लावायला गेलेली मराठी माणसंही त्याच झोतातून निघालेल्या दगडावर उभी आहेत, हे वाचून मी वही मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

बावीस वर्षं मी बोरच्या गाडीवर आहे. आधी मुरूम, मग काळा फत्तर लागतो, तेव्हा भुकटी राखेसारखी उडते. मधेच पांढऱ्या गारगोटीचा चुरा येतो. आणि कधीतरी एकदम लाल, विटेसारखी भुकटी येते. त्या थराला आम्ही शिव्या देत होतो, कारण तिथं बोर ढासळतं आणि केसिंग वाढवावं लागतं. तू म्हणालीस, बाबा, तो लाव्ह्याच्या दोन लोटांमधला विसावा आहे. खालचा दगड उघडा पडला, उन्हापावसानं कुजला, लाल झाला आणि मग वरून दुसरा लोट आला. त्या दिवसापासून लाल भुकटी आली की मी हॅमर थांबवायला सांगतो आणि मूठभर काढून ठेवतो.

ज्यांचा अभ्यास छापून आला, त्यांनी किती विहिरी पाहिल्या ते मला ठाऊक नाही. पण तुझ्या वहीत ४१ विहिरी आहेत, आणि प्रत्येकीत लाल थर किती फुटांवर लागला ते लिहिलेलं आहे. त्यांच्याकडे हे आहे का, आधी ते बघ. त्यांचे आकडे तुझ्याशी जुळले तर दोघांचंही खरं. नाही जुळले तर तुझं काम आणखीच वाढलं. तुझ्या सरांना एवढं विचारून घे, मग काय ते ठरव. बँकेत गेलीस तरी तू माझीच लेक, त्यात काही बदलत नाही.

परवा सीतादहीची पूजा झाली, कापसाची वेचणी सुरू आहे. आईचे हात बोंडांनी ओरखडले आहेत, पण ती बरी आहे. पऱ्हाटी यंदा बऱ्यापैकी आली.

मागच्या महिन्यात आपल्या धुऱ्याशेजारच्या वावरात बोर मारलं. १८० फुटांपर्यंत दर दहा फुटांची भुकटी वेगळ्या पिशवीत भरली आहे. आत चिठ्ठी टाकली आहे, बाहेर खडूनं फूट लिहिले आहेत. लाल थर दोनदा लागला, ६० वर आणि १३० वर. त्या दोन पिशव्यांना सुतळीची डबल गाठ आहे. अठरा पिशव्या तुझ्या खोलीत ट्रंकेवर ठेवल्या आहेत, दमट लागू नये म्हणून वरून पोतं टाकलं आहे.

तुझा बाबा