दुरुस्तीचं टेंडर काढण्याआधी: अध्यक्षांना एक पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
आपली गृहनिर्माण संस्था, डोंबिवली (पूर्व)

विषय: इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचं काम टेंडरऐवजी वेगळ्या पद्धतीने देण्याबाबत

सा. न. वि. वि.

लिफ्टजवळच्या फलकावरची सूचना वाचली. ऑक्टोबरात टेंडर मागवायचं, सर्वांत कमी दराचं मंजूर करायचं आणि दिवाळीनंतर परांची बांधायची, असा बेत दिसतो. हे पत्र दुरुस्ती थांबवण्यासाठी नाही, ती थोडी अलीकडे ओढून वेगळ्या पद्धतीने करण्यासाठी आहे.

आधी एक कबुली. नोकरीची तीस वर्षं मी कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात बिलं बनवली. टेंडर कसं ‘भरतात’ ते मला टेबलाच्या पलीकडच्या बाजूने माहीत आहे.

दुरुस्तीच्या कामात किती प्लास्टर पोकळ आहे, किती सळ्या गंजल्यात, हे भिंत फोडल्याशिवाय कोणालाच कळत नाही. तरी कन्सल्टंटला (टेंडर तयार करून कामावर देखरेख करणाऱ्या इंजिनिअरला) प्रत्येक कामाच्या मापाचे आकडे अंदाजाने टाकावे लागतात. कॉन्ट्रॅक्टर त्यावर दर लावतो, बिल मात्र प्रत्यक्ष मापाप्रमाणे होतं. मुरलेला कॉन्ट्रॅक्टर इमारतीला एक चक्कर मारतो, चार ठिकाणी हातोडी वाजवतो आणि कोणता आकडा फुगणार ते ओळखतो. मग तिथे दर चढा लावायचा, रंगाचा दर पाडायचा. बेरीज सर्वांत कमी येते, काम त्याला मिळतं. आपल्या २०११ च्या दुरुस्तीची फाइल कपाटात असेल, काढून पाहा. पॉलिमर मॉर्टर (खराब झालेल्या काँक्रीटवर लावायचा खास गिलावा) टेंडरमध्ये १२० चौरस मीटर होतं, शेवटच्या बिलात ३१०. दर १,५०० रुपये. म्हणजे १ लाख ८० हजारांचे ४ लाख ६५ हजार झाले. यात कोणी चोरी केली असं मी म्हणत नाही. प्लास्टर खरंच तेवढं पोकळ निघालं. पण ते निघणार हे त्याला ठाऊक होतं, आपल्याला नव्हतं. त्यात कन्सल्टंटची फी बिलाच्या टक्क्यावर. बिल वाढलं की त्याचीही वाढणार. अशा माणसाकडून बिल कमी करण्याचा उत्साह आपण कशाच्या जोरावर मागणार?

दुसरी गोष्ट माझ्याच घरातली. त्या वर्षी परांची उतरल्यावर समितीला आठवलं की डक्टमधले (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेतले) बिडाचे पाइपही बदलायला झालेत. वेगळा प्लंबर आणला. तो झुल्यावर लटकून आला आणि पाइपचे क्लॅम्प बसवायला त्याने दोन महिन्यांपूर्वी केलेल्या प्लास्टरला चौथ्या मजल्यापासून खालपर्यंत भोकं पाडली. दुसऱ्या पावसाळ्यात माझ्या बेडरूमच्या मागच्या भिंतीला नारळाएवढा फुगा आला. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, प्लंबरने भोकं पाडली. प्लंबर म्हणाला, प्लास्टर मुळातच पोकळ होतं. कन्सल्टंट म्हणाला, प्लंबिंग माझ्या कामात नव्हतं. तिघांनी आपापले कागद दाखवले आणि कागदाप्रमाणे तिघेही बरोबर होते. ओल मात्र अजून आहे. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून आम्ही त्या भिंतीशी तह केला आहे.

मोठ्या बांधकामांत यावर उपाय निघालेला आहे. लंडनच्या हिथ्रो विमानतळाचं टर्मिनल ५ (२००८ साली सुरू झालं) बांधताना विमानतळ कंपनीने जोखीम कंत्राटदारांवर न ढकलता स्वतःकडे घेतली. प्रत्यक्ष खर्च आणि त्यावर ठरलेला नफा, असे पैसे दिले आणि सगळ्यांना एका टीमसारखं बसवलं. अमेरिकेत काही हॉस्पिटलं मालक, आर्किटेक्ट आणि कॉन्ट्रॅक्टर यांच्या एकाच करारावर बांधली गेली. तिकडे याला इंटिग्रेटेड प्रोजेक्ट डिलिव्हरी म्हणतात. आपल्या चार मजल्यांना एवढा बँडबाजा परवडणार नाही. निव्वळ करार लिहायला वकिलाची फी कामाच्या मानाने जड जाईल. पण त्यातल्या दोन-तीन गोष्टी आपल्या मापाच्या आहेत. उलट लहान कामात त्या जास्त जमाव्यात, कारण निर्णय घेणारी सगळी माणसं एका सतरंजीवर मावतात.

माझं म्हणणं असं. कन्सल्टंट, एक कॉन्ट्रॅक्टर, वॉटरप्रूफिंगवाला आणि प्लंबर यांना आत्ता, भर पावसात बोलवावं. नोव्हेंबरात भिंती कोरड्या दिसतात. आज कोणती नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जमिनीतली सांडपाण्याची जाळी) गळते, कुठल्या छज्ज्यावर पाणी साचतं, ते डोळ्यांनी दिसतं. कॉन्ट्रॅक्टर निवडताना तीन-चार जणांना बोलवायचंच. फक्त त्यांची स्पर्धा दरांवर न ठेवता त्यांनी केलेल्या जुन्या कामांवर आणि ते मागतील त्या नफ्याच्या आकड्यावर ठेवायची. मग बी विंगच्या डक्टची एक उभी पट्टी, तळापासून गच्चीपर्यंत, पाऊस ओसरताच खरोखर फोडून पाहायची. त्यावरून सगळ्यांनी मिळून पूर्ण कामाचा एक आकडा ठरवायचा.

समजा, ६० लाख ठरले. कॉन्ट्रॅक्टरने मटेरिअल आणि मजुरीची बिलं उघडी दाखवायची, खजिनदारांनी दर आठवड्याला पाहायची. काम ५४ लाखांत झालं तर वाचलेल्या ६ लाखांतले ३ सोसायटीचे, ३ त्या टीमचे. ६० च्या वर गेलं तर आधी कॉन्ट्रॅक्टरचा नफा कमी होणार, मग आपल्या खिशाला हात. कन्सल्टंटची फी ठोक, टक्क्यावर नाही. आणि बचतीतला टीमचा निम्मा वाटा दोन पावसाळे कोरडे गेल्यावरच द्यायचा, नाहीतर बचत सिमेंटमधूनच व्हायची.

कॉन्ट्रॅक्टरला आधीच घरात घेतलं तर तो डोक्यावर बसेल, अशी शंका गेल्या सभेत याच विषयावर निघाली होती, आणि ती रास्त आहे. म्हणून पहिला टप्पा वेगळा ठेवायचा. डक्ट फोडून झाल्यावर त्याचा आकडा पटला नाही तर त्या टप्प्याचे ठरलेले पैसे देऊन नमस्कार करायचा आणि साधं टेंडर काढायचं. तेव्हा निदान आपल्या हाती मोजलेले आकडे तरी असतील. अर्थात हे सगळं सर्वसाधारण सभेच्या ठरावानेच व्हायला हवं. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायचीच आहे, तिच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा. लेखापरीक्षकांनाही आधीच विचारून ठेवावं, कारण ‘सर्वांत कमी दर का नाही?’ हा प्रश्न ते पहिला विचारतील.

घाई करतोय, त्याचं कारण पैशाचं आहे. इमारत १९९४ ची. दुरुस्ती निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या पाऊण टक्क्याने जमतो, आणि तो खर्च १९९४ च्या भावाचा. दुरुस्ती मात्र आजच्या भावात करायची. निधी पुरणार नाही, वर्गणी काढावी लागणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मध्येच ‘एक्स्ट्रा आयटम’ म्हणून दुसरी, तिसरी वर्गणी आली तर पेन्शनवर घर चालवणाऱ्या आपल्या सात-आठ सभासदांना ती कशी झेपेल? तिशी उलटल्यामुळे उपविधींप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिटही आता पाचऐवजी दर तीन वर्षांनी करायचं आहे, तो खर्च वेगळाच.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता समितीतल्या दोघांनी तरी माझ्यासोबत डक्टमध्ये यावं, ही विनंती. पाऊस असला तर उत्तमच. टॉर्च आणि हातोडी मी आणतो. डक्टच्या दाराचं कुलूप गंजलंय, त्यात शनिवारीच तेल घालून ठेवतो.

आपला,
बी विंग, चौथ्या मजल्यावरचा सभासद