आक्कांच्या वह्यांसाठी गावकऱ्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या आक्का गेल्या. त्यांच्या अंगणवाडीत बाराखडी गिरवलेली मुलं आज सुरत, नाशिक, पुण्याला कामाला आहेत. त्यांच्यापर्यंत पोचावं म्हणून गावच्या वाचनालयातर्फे हे लिहीत आहोत.

आक्कांची ओळख आम्ही कशाला करून द्यायची? पांझरा नदीच्या पुलावर भेटल्या तरी आधी तब्येत विचारायच्या, मग हातातल्या पिशवीकडे बघून, "हाई काय शे?" रानभाजी असेल तर कुठल्या बांधावरची, कशी शिजवतात, कडू लागली तर काय करतात, सगळं विचारून घ्यायच्या आणि घरी जाऊन वहीत लिहायच्या. उसतोडीला आईबाप गेलेली पोरं संध्याकाळी त्यांच्याच ओट्यावर असायची. त्यांना कळण्याची भाकरी वाढता वाढता आक्का त्यांनाही विचारायच्या, की तुमच्या पाड्यावर पावसाला काय म्हणतात? त्या पोरांना कुणी काही विचारतंय, याचंच अप्रूप वाटायचं.

त्यांच्या लेकीने या सगळ्या वह्या वाचनालयाला दिल्या आहेत. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची झोक्यावरची गाणी आहेत, गुलाबाईच्या सणाची आहेत. कानबाई देवीच्या सणाला करायच्या रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू घेतात, तर बायांच्या नावाने का नाही, हा प्रश्न त्यांनी घरोघरी विचारलेला दिसतो. मिळालेली उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. आक्कांनी ती सगळी लिहून ठेवली आहेत, एकही खोडलेलं नाही.

सर्वांत जास्त पानं फडाची, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर सगळ्यांनी मिळून शेती करायच्या जुन्या पद्धतीची आहेत. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, प्रत्येकाची जमीन शक्यतो प्रत्येक फडात असायची, म्हणजे पाणी कमी पडलं की तोटा एकट्याच्या वाट्याला जात नाही. पाणी वाटणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या यांना धान्य कसं मिळायचं, गाळ काढायला घरटी माणूस कोण जायचं, हे त्यांनी म्हाताऱ्यांच्या तोंडून टिपलंय. ही पद्धत पांझरेकाठी काही शतकं चालली, पण आपल्या गावात तिचे नियम कागदावर आम्हाला तरी दुसरीकडे कुठे सापडले नाहीत.

आक्कांची एक सवय होती. प्रश्न डाव्या पानावर, उत्तर उजव्या पानावर. उत्तर मिळालं नसेल तर उजवं पान कोरंच ठेवायच्या. अशी पुष्कळ पानं कोरी आहेत. आमचं पहिलं मागणं त्यांच्यासाठीच आहे. ज्यांचे वडील, आजोबा पाटकरी होते, ज्यांना जुनी गाणी येतात, त्यांनी वाचनालयात येऊन बसावं. येणं जमत नसेल तर निरोप द्या, आमची पोरं घरी येतील. अहिरानीतच बोला, तसंच लिहून घेऊ.

दुसरं मागणं पैशाचं. काही वह्यांना वाळवी लागायला सुरुवात झाली आहे. लोखंडी कपाट घ्यायचं आहे, पानांचे फोटो काढून घ्यायचे आहेत आणि अहिरानी नीट वाचता येणाऱ्या मुलीला टंकलेखनाचा मेहनताना द्यायचा आहे. ते काम फुकटात करून घेणं आक्कांना आवडलं नसतं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. त्यांची कागदपत्रं लोकांनी जपली म्हणून ती आजही अभ्यासकांच्या हाती आहेत. आपल्या गावाला एका कपाटाएवढं तर नक्की जमेल.

रक्कम कितीही चालेल, शंभर रुपयांचीही पावती मिळेल. धनादेश वाचनालयाच्या नावाने काढावा. जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर लावू. ज्यांच्याकडे आक्कांनी वाचायला दिलेली वही राहून गेली असेल, त्यांनी ती संकोच न करता आणून द्यावी. वाचनालय रोज संध्याकाळी उघडं असतं.

आपले,
वाचनालयाचे कार्यकारी मंडळ