साइडपट्टी भरून दिल्याबद्दल : शाखा अभियंता साहेबांना जाहीर आभाराचं पत्र

प्रति,
मा. शाखा अभियंता साहेब,
सार्वजनिक बांधकाम उपविभाग

साहेब, सप्रेम नमस्कार.

शाळेसमोरच्या रस्त्यासाठी अर्ज गेला की बहुतेक ठिकाणी एक गतिरोधक पडतो आणि फाइल बंद होते. तुम्ही मात्र सकाळी सायकली येण्याच्या वेळी रस्त्यावर उभे राहून मुलांची चाकं नेमकी कुठून जातात ते आधी पाहिलंत. पुढचं सगळं काम त्यातूनच ठरलं. उसाच्या पट्ट्यातल्या इतर शाळांनाही ते उपयोगी पडावं, म्हणून तपशिलासह आभार मानतो आहोत.

सगळ्यात मोलाचं काम साइडपट्टीचं. दर डांबरीकरणात रस्ता उंच होत गेला आणि बाजूचा मुरूम पावसाने व ट्रॉल्यांच्या चाकांनी खाली बसला. कडेला चार-पाच इंचांची पायरी तयार झाली. मागून हॉर्न वाजला की मूल सायकल खाली घेतं, तेव्हा काही होत नाही. घात होतो तो परत वर येताना. सायकल कडेला जवळजवळ समांतर चाललेली असते, त्यामुळे पुढचं चाक वर चढत नाही, कडेला घासत राहतं. हँडल हातात राहत नाही, आणि मुलाचा झोक आधीच डांबराकडे असल्याने ते पडतं थेट रस्त्यावर, मागच्या वाहनापुढे. अशा अपघातात लोक वाहनचालकाला नाहीतर मुलाला दोष देतात, त्या पायरीकडे कुणी पाहत नाही. तुम्ही पाहिलंत, याचं आम्हाला फार मोल आहे.

भरावही तुम्ही उरकून टाकला नाहीत. आधी गवत आणि सैल माती खरवडून काढली. मग मुरूम थराथराने टाकून प्रत्येक थरावर पाणी आणि रोलर. सगळा मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर वरचा पापुद्रा तेवढा घट्ट होतो, आत पोकळ राहतं आणि पहिल्या वळवात साइडपट्टी खचते. बाहेरच्या बाजूला मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर उतार ठेवलात, त्यामुळे पाणी डांबराच्या कडेशी तुंबत नाही. तुमच्या मुकादमांचे आभार वेगळे मानायला हवेत. त्यांनी लाकडी फळी डांबरावरून साइडपट्टीकडे धरून कड जागोजागी तपासली. कडेपाशी फळीखाली बोट शिरलं की तिथे पुन्हा मुरूम आणि पुन्हा रोलर.

गतिरोधकाचंही तसंच. आधीचा हातभर रुंद आणि अर्धा फूट उंच होता. तो चुकवायला मोटारसायकली साइडपट्टीवर घुसायच्या, म्हणजे नेमक्या मुलांच्या वाटेत. नवा 3.7 मीटर रुंद, मधोमध 10 सेंटिमीटर उंच आणि गोलाकार आहे. ताशी 25 किलोमीटरने तो बिनधक्का ओलांडता येतो, त्याहून वेगात मात्र गाडी आपटते. सूचनेचा फलक 40 मीटर आधी लावलात हेही योग्यच. ताशी 50 च्या वेगात चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी 14 मीटर पुढे गेलेली असते.

एस.टी.चा थांबा झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे होता, तो पलीकडे हलवून घेतलात. बसच्या पुढून रस्ता ओलांडणारं मूल ओव्हरटेक करणाऱ्याला अगदी शेवटच्या क्षणी दिसतं. आता उतरलेली मुलं मागे चालत येतात, बस निघून जाऊ देतात आणि मगच पलीकडे जातात. सायकलवाल्यांनी पट्ट्यांवर उतरून सायकल हातात धरायची, हा नियम शाळेने केला आहे.

राहिला गळीत हंगाम. डबल ट्रॉलीला मागे लाल आणि बाजूला पिवळी रिफ्लेक्टर पट्टी लागते हे सगळ्यांना माहीत असतं. पण ऊस भरल्यावर लोंबणारी वाढी, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, ती पट्टी झाकून टाकतात, आणि पहाटेच्या धुक्यात ट्रॉली दिसतच नाही. भरणी झाल्यावर मागे लाल रिफ्लेक्टरचं कापड बांधायचं, ही तुमची सूचना कारखान्याच्या शेती ऑफिसने मान्य केली. ते कापड ओघळलेल्या उसाच्याही वर बांधावं लागतं, नाहीतर तेही झाकलं जातं. मुलांच्या सायकलींनाही पट्ट्या लावल्या आहेत : मागच्या मडगार्डवर लाल आणि पेडलच्या दोन्ही कडांना पिवळी. डिपर मारलेला उजेड खाली पडतो, म्हणून दप्तरापेक्षा खालची पट्टी लवकर चमकते. त्यातही पेडलची वरखाली हलते, त्यामुळे पुढे सायकल आहे हे लांबूनच कळतं. चिखलाने पट्टी मळली की तिचा काही उपयोग नाही, म्हणून दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसून घेतो.

मुकादमांनी फळी शाळेतच ठेवली आहे. पाऊस उघडल्यावर, ट्रॉल्या सुरू होण्याआधी, आम्ही दोन्ही बाजूंची कड तपासू आणि जिथे पायरी पडली असेल त्या जागा किलोमीटरच्या दगडापासूनच्या अंतरासह तुमच्या ऑफिसला लेखी कळवू. तेवढा मुरूम हंगामाआधी मिळावा, ही विनंती.

आपले कृतज्ञ,
शाळा व्यवस्थापन समिती व पालक