मोर्चासाठी काढलेली चित्रे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी 9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या निमित्ताने, वृत्तपत्रांत आदिवासी चित्रकलेवर जो मजकूर येतो त्यात रंगसंगतीचे आणि आकृतिबंधांचे कौतुक भरपूर असते. पण चित्रांमागच्या पाण्याच्या आणि जमिनीच्या प्रश्नाचा उल्लेख क्वचितच आढळतो. म्हणून कॅनडातील ओजिब्वे या आदिवासी समाजाचे चित्रकार आयझॅक मर्डॉक यांच्या कामाकडे लक्ष वेधावेसे वाटते.

मर्डॉक हे ह्युरॉन सरोवराच्या उत्तर काठावरील सर्पंट रिव्हर फर्स्ट नेशनचे (कॅनडात आदिवासी समूहांना ‘फर्स्ट नेशन’ म्हणतात). सर्पंट नदीच्या वरच्या अंगाला, एलियट लेक येथे, 1950च्या दशकापासून युरेनियमच्या खाणी चालल्या आणि त्यांच्या कचऱ्याने नदी दूषित झाली. शेवटची खाण 1996 मध्ये बंद झाली, तरी तो किरणोत्सारी गाळ सांभाळत बसणे काही सुटलेले नाही. अशा गावच्या चित्रकाराने पाणी हाच विषय धरावा, यात नवल नाही. पंख पसरलेल्या स्त्रीचे त्यांचे ‘थंडरबर्ड वुमन’ हे चित्र 2016 मध्ये अमेरिकेतील स्टँडिंग रॉक या आदिवासी भागातील तेलवाहिनीविरोधी आंदोलनात आणि पुढे तिथल्याच मिनेसोटा राज्यातील ‘लाइन 3’ या तेलवाहिनीविरोधी आंदोलनातही फलकांवर दिसले. जाड काळी बाह्यरेषा आणि देहाच्या आतले उघड करणाऱ्या रेघा ही ओजिब्वे चित्रकार नॉर्वल मॉरिसो यांनी रूढ केलेली शैली कापडावर छापायला सोपी आणि गर्दीत लांबूनही ओळखू येणारी आहे. मर्डॉक आणि मेती (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) समाजातील चित्रकर्ती क्रिस्टी बेलकोर्ट यांनी अशी चित्रे आंदोलकांना विनामूल्य वापरू दिली. (आपल्याकडे वारली आकृत्या पडद्यांवर आणि कपांवर फुकट वापरल्या जातात, तो प्रकार अर्थातच वेगळा.)

याच दोघांनी सहकाऱ्यांसह 2014 मध्ये ‘ओनामन कलेक्टिव्ह’ स्थापन केले. त्यातून उभ्या राहिलेल्या जंगलातील शिबिरात तरुण मुले वडीलधाऱ्यांच्या सोबतीने ओजिब्वे भाषा आणि जमिनीशी निगडित परंपरागत ज्ञान शिकतात. कॅनडात सरकार आणि चर्च यांनी चालवलेल्या निवासी शाळांत आदिवासी मुलांना स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या शिबिराला निव्वळ छंदवर्ग म्हणता येणार नाही; माझ्या मते चित्रांइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच, मोल या कामाचे आहे.

तेव्हा येत्या 9 ऑगस्टला आपण अशा चित्रकारांवर लिहाल, तर तो मजकूर रविवारच्या पुरवणीत न टाकता पर्यावरणाच्या बातम्यांशेजारी द्यावा आणि छायाचित्राखाली चित्रकाराचे नाव व त्याचा समाज आवर्जून छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे