नाव माझ्याकडे आहे, बाबा

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. शेडमधली नाव मी नेली आहे. तुम्ही दोघं मावशीकडे गेला होतात तेव्हा आले आणि ट्रेलरवर चढवली. विकलेली नाही, कुणाला दिलेली नाही. माझ्याकडे पालथी घालून वर ताडपत्री टाकली आहे, वल्ही घरात कोरडी ठेवली आहेत. थंडी सरली की मी स्वतः आणून तळ्यात सोडीन. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं, तेव्हा बाबा, तिच्यावर चिडायचं नाही.

विचारून नेली असती, पण तुम्ही "बघू" म्हणाला असतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तळ्याच्या मध्यावर असतात. नावेत चढताना पाय घसरला, गुडघ्यापर्यंत भिजलात आणि तसेच ओल्या विजारीत दोन तास बसलात, हे आई फोनवर सहज बोलून गेली. तेव्हापासून मला झोप नीट नाही.

"मला पोहता येतं," असं तुम्ही म्हणाल. मला पोहायला तुम्हीच तर शिकवलंत. पण १५ अंशांच्या खालच्या पाण्यात माणूस अचानक पडला की पहिलं मिनिटभर श्वास आपल्या ताब्यात राहत नाही. तो आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि तेवढ्यात तोंड पाण्याखाली गेलं तर पोहण्यापर्यंत गोष्ट येतच नाही. पुढच्या दहाएक मिनिटांत हातापायांतलं बळ जातं, नावेची कड धरली तरी वर चढवत नाही. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब पंचवीसेक पट वेगाने ओढून घेतं. शिवाय गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. तुमचा आधीच चढलेला असतो. म्हातारे झालात असं मी म्हणत नाहीये, हे पाणी पंचविशीतल्या माणसालाही असंच करतं. पण तुम्ही तिथे एकटे असता, आणि पहाटे त्या काठावर हाक ऐकायलाही कुणी नसतं.

मासेमारी सोडा असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. ते तळं तुमचं किती आहे हे मला कळतं. लोक एक हिवाळा हात हलवत परततात आणि पुन्हा तिकडे फिरकत नाहीत, तुम्ही मात्र दर वर्षी जाता. मी गळ काठावरून टाका म्हणतेय, एवढंच. आणि खरं सांगू, हिवाळ्यात काठ वाईट नाही. मासा थंड रक्ताचा, पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं. पाणी १० अंशांनी उतरलं तर त्याच्या शरीराचा कारभार साधारण निम्म्यावर येतो. मग तो उगाच फिरत नाही, पोटापुरतं खातो आणि तेही दिवसातल्या बऱ्या वेळात. पहाट ही तर सगळ्यात गार वेळ. म्हणजे तुम्ही मासा खात नसताना जाता आणि तो तोंड उघडतो तेव्हा घरी जेवायला बसता! दुपारी एक ते तीन बसून बघा. जिथे ऊन जास्त वेळ टिकतं आणि वारा लागत नाही तो खडकाळ काठ धरा. तिथे दोन पावलांवर खोली सुरू होते, तेवढ्यासाठी नाव लागत नाही. पाणवनस्पती थंडीत मरून तळाशी बसल्यामुळे आडोसा गेलेला असतो, त्यामुळे मासे बुडालेल्या झाडांपाशी गोळा होतात. बाकी सगळं तळं रिकामं. काठावरून ती जागा गाठायची, तंगूस (गळाची दोरी) फांदीत अडकू न देता, हे अवघड आहे. पण तुम्हाला सोपं कधी आवडलं?

थंडीत पाणी नितळ होतं, म्हणून तंगूस बारीक घ्या. गळाला आमिष नखाएवढं आणि मासे जमवायला पाण्यात फेकायचा चारा अगदी मूठभर, नाहीतर मासा चाऱ्यावरच भागेल आणि गळाकडे येणार नाही. हे मी तुम्हाला सांगतेय! बूच बुडायची वाट बघायची नाही, हे तुमच्याचकडून शिकले. तळाचं आमिष माशाने हळूच उचललं की शिशाचा भार बुचावरून हलका होतो आणि बूच केसभर वर येतं. तेव्हा तुम्ही माझ्या खांद्यावर नुसतं एक बोट टेकवायचात. बोलायचं नाही, हलायचं नाही. माझी बोटं गारठली की तुमच्या कोटाच्या खिशात घालून घ्यायचात, आणि त्या खिशाला गांडुळांच्या मातीचा वास असायचा. तो वास मला आजही आवडतो.

गारठ्यात हल्ली तुमच्याने गाठ बसत नाही, हे मी मागच्या खेपेला पाहिलं. म्हणून पिवळ्या डब्यात बारीक गळ बांधूनच ठेवलेत, प्रत्येकाचा तंगूस वेगळा गुंडाळलाय. प्रत्येक गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली केली आहे, कोरडी ओढली की तंगूस घासून कच्चा होतो असं तुम्ही ओरडायचात तशी. तुम्ही फक्त अडकवायचं.

आता नियम. सांगून जायचं आणि परत यायची वेळ आईला सांगायची. त्या वेळेनंतर अर्ध्या तासाने आई मला फोन करील. काठावर असलात तरी तरंगतं जाकीट घालायचं. नवं पातळ आहे, कोटावरून चढवा. आत सुती बनियन नको, ओलं झालं की ऊब देत नाही, लोकरीचं घाला. दोन मोजे चढवून बूट घट्ट करू नका, रक्त फिरलं नाही तर पाय आणखी गार पडतात, एकच जाड मोजा पुरे. पाठीची घडीची खुर्ची आणि खाली टाकायला जाड चटई दारामागे ठेवली आहे. गोळी घेतल्याशिवाय निघायचं नाही. छातीत जरा जरी जड वाटलं तर गळाची काठी तिथेच टाकून आधी फोन करायचा, काठी नवी घेता येते.

आई, थर्मास तू भरायचास, त्यांच्यावर सोडू नकोस, ते अर्धाच भरतात. आणि एखाद दिवशी तूही जा ना सोबत. तुला मासे पकडण्यात रस नाही, ठाऊक आहे, पण दुपारचं ऊन तुझ्याही गुडघ्यांना बरं.

रागावला असाल तर फोन करून रागवा, पण अबोला धरू नका. पुढच्या शनिवारी मी येतेय, दुपारी बाराच्या आत. मासा काढायची जाळी मीच आणते, जुनीचं भोक शिवून काही उपयोग नाही.

तुमची,
धाकटी