फोनवर नको म्हणालास म्हणून

अमळनेर, रविवार रात्र

प्रिय सुन्या,

कसा आहेस भो? वहिनी, पोरं बरी ना? परवा मी खरेदी केंद्रावरच्या कापसाचं सांगायला लागलो तर तू मध्येच म्हणालास, 'हे फोनवर नको.' तू सहज बोलून गेलास, मला मात्र झोप लागली नाही. बोरी नदीच्या वाळूत बसून आपण कुणाकुणाला शिव्या घातल्यात! तेव्हा तू कधी आजूबाजूला बघितलं नाहीस.

म्हणून हे पत्र. तसं पाकीटही उघडता येतं. २०२३ च्या टपाल कायद्याचं ९ वं कलम बघ. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकार टपाल अडवू शकतं. इंग्रजांच्या १८९८ च्या कायद्यातही ती सोय होतीच. घातपात रोखायचा तर कुणाचा तरी फोन ऐकावा लागणार, हे मलाही पटतं. पण ऐकायचा हुकूम देतो गृहसचिव, आणि तो हुकूम योग्य होता का ते तपासणारी समितीही सचिवांचीच. न्यायाधीश कुठेच नाही. ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरसुद्धा कळवत नाहीत, मग त्याने दाद तरी कशाच्या आधारावर मागायची? वेबसाइट बंद करण्याचंही तसंच. २००९ च्या नियमांतला १६ वा नियम सांगतो की आलेली तक्रार आणि केलेली कारवाई, दोन्ही गोपनीय. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. आता ते आठवलं की जीव तुटतो.

तुला एक सांगायचंय, हिलाही सांगितलेलं नाही. दादाचा कापूस ओला म्हणून केंद्रावर प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने परत पाठवला आणि संध्याकाळी तोच कापूस व्यापाऱ्याच्या गाडीतून आत गेला. मी गावच्या ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. थोड्या वेळाने एका कार्यालयातून फोन आला. 'सर, तुम्ही शिक्षक माणूस, तुम्हाला कशाला हे?' धमकी नव्हती, आवाज अगदी गोड होता. मी पोस्ट काढून टाकली.

ते एक वेळ मी विसरलो असतो. पण त्यानंतर काहीही लिहायला घेतलं की अंगठा आपोआप मागे जातो, 'ग्रेडर' खोडतो, 'व्यापारी' खोडतो. दादाच्या चुकाऱ्यावर पोरीचं लग्न अडलंय आणि मी लिहितो, 'शेतकऱ्यांनी संयम ठेवावा.' मला हे कुणीही लिहायला सांगितलं नव्हतं रे. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना पकडलं, एकीने फेसबुकवर लिहिलं म्हणून आणि दुसरीने नुसतं लाइक केलं म्हणून. त्यांना लावलेलं आयटी कायद्याचं ६६अ कलम सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्दही केलं. तरी माझ्या वर्गातली पोरं अजून विचारतात, 'सर, लाइक केलं तर काही होईल का?'

१९३२ मध्ये इंग्रजांच्या राज्यात धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि आपले साने गुरुजी लिहून घेत होते. गुरुजींनी ज्या गावात मुलं शिकवली, त्याच गावात मी शिकवतो. काल शाळेतून येताना हे डोक्यात आलं आणि पावलं जड झाली.

आज दुपारी ती पोस्ट पुन्हा टाकली, ग्रेडर आणि व्यापारी दोन्ही शब्दांसकट. अजून कुणाचा फोन नाही. दादाला दाखवली, तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, 'तारीख पन टाक.' टाकली.

संक्रांतीला ये. वांगी शेतातलीच आहेत, भरीत करू. त्याआधी बुधवारी रात्री फोन करतो. कापसाचंच बोलणार आहे, ठेवू नकोस.

तुझा,
बापू